वीस रुपयांचा विमा आधी, चौदाशे पन्नासचा नंतर

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. मुलगी १९ वर्षांची, अशोक चौकाजवळच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोजचं रिक्षाभाडं परवडेना म्हणून तिला १८,५०० रुपयांची गिअरची सायकल घेतली. दुकानदार म्हणतो, सोबत १,४५० रुपयांचा वर्षाचा विमा घ्या, चोरी-अपघात सगळं कव्हर आहे, पण दहा दिवसांत सांगा. त्यानं दिलेल्या कागदाचा फोटो पाठवतोय. माझी स्वतःची जुनी सायकल आहे, तिच्यावर मी कारखान्याला जातो. धाकटा आठवीत आहे, तोही सायकलनंच शाळेला जातो. तिन्ही सायकलींचा विमा काढावा का? सगळ्यात स्वस्त कुठं मिळेल? बायको म्हणते, सायकलीचा कुणी विमा काढतं का, लोक हसतील. घराचं कर्ज चालू आहे, त्यामुळं प्रत्येक रुपया बघावा लागतो. आणखी एक विचारायचं होतं. माझ्या सायकलला बॅटरीचं किट लावायचा विचार आहे. मग तिला विमा लागतो का?

उत्तर

नमस्कार. आधी वहिनींचा मुद्दा. लोकांना हसू द्या. १८,५०० रुपये ही तुमच्या घरात लहान रक्कम नाही आणि तिची काळजी वाटणं साहजिक आहे. पण वहिनींच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे, त्याकडे नंतर येते.

दुकानदाराच्या दहा दिवसांचं दडपण घेऊ नका. मोटार वाहन कायद्यानं विमा सक्तीचा केलाय तो मोटार लावलेल्या वाहनांना. पायडल मारून चालणाऱ्या सायकलीला तशी सक्ती नाही आणि सायकल विकताना विमा घ्यायलाच लावणंही कुणाच्या हातात नाही. काही योजना फक्त नव्या सायकलीसाठी असतात, त्यामुळं तो म्हणतो ती मुदत खरी असू शकेल. ती चुकली म्हणून आभाळ कोसळत नाही.

तुम्ही तीन सायकलींबद्दल विचारलंत. त्यांच्यावर बसणाऱ्या तिघांबद्दल विचारलं नाहीत. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे. सायकल गेली तर दुसरी येते, कष्टानं का होईना. पण कारखान्याच्या वाटेवर एखाद्या टेम्पोनं तुम्हालाच उडवलं, तर घराचं कर्ज कोण फेडणार?

म्हणून सगळ्यात आधी तुमच्या आणि मुलीच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का ते बघा. वहिनींचं खातं असेल तर त्यांचंही. २०१५ साली ही योजना आली तेव्हा हप्ता १२ रुपये होता, जून २०२२ पासून २० रुपये आहे. महिन्याला नव्हे, वर्षाला. वय १८ ते ७० चालतं. अपघातात मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. सायकल, मोटारसायकल, पायी चालणं, सगळे अपघात त्यात येतात. वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं आणि पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, त्यामुळं मे महिन्याच्या अखेरीस खात्यात शिल्लक ठेवायची. शिल्लक नसली की विमा गुपचूप बंद पडतो आणि घरच्यांना ते कळतं नको त्या दिवशी. नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे तेही पासबुक घेऊन जाऊन एकदा विचारा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईवडिलांचंच नाव असतं, असं बऱ्याच घरांत दिसतं.

आता तुम्ही पाठवलेल्या कागदात मोठ्या अक्षरात काय छापलंय बघा: ‘सायकलस्वारास १ लाखाचे अपघात संरक्षण’. १,४५० रुपयांच्या पॅकेजमधली हीच सगळ्यात आकर्षक ओळ. त्याच्या दुप्पट संरक्षण तुम्हाला बँकेत २० रुपयांत मिळतंय. म्हणजे ही ओळ हिशेबातून वजा करूनच बाकीचा कागद वाचायचा.

२ लाख पुरेसे वाटत नसतील, आणि कर्ज असताना ते पुरेसे नाहीतच, तर ‘सरल सुरक्षा विमा’ मागा. विमा नियामकानं ठरवून दिलेली ही अपघात विम्याची ठरावीक पॉलिसी आहे. २०२१ पासून मिळते, अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच, फरक फक्त हप्त्याचा. अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत रक्कम घेता येते. अटी एकच असल्यामुळं इथं ‘सगळ्यात स्वस्त कुठं’ हा तुमचा प्रश्न एकदम योग्य आहे. तीन कंपन्यांचे आकडे घ्या आणि कमी असेल ते निवडा. ही पॉलिसी तुमच्या एकट्याच्या नावावर घेतली तरी चालेल, कारण घर तुमच्या पगारावर उभं आहे.

धाकट्याला सुरक्षा विमा योजना लागू होत नाही, तो १८ चा नाही. पण पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिला हप्ता भरावा लागत नाही. मुख्याध्यापकांना एकदा विचारून ठेवा, म्हणजे वेळ आली तर कुठं धावायचं ते माहीत असेल.

या विषयात सायकलवाल्यांना फारसं ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट आहे. तुमच्याकडे एक पैशाचा विमा नसला तरी ज्या गाडीनं धडक दिली तिचा तृतीय पक्ष विमा तुमच्यासाठीच असतो. तो तृतीय पक्ष म्हणजे तुम्ही, रस्त्यावरचा सायकलवाला. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा आणि सहा महिन्यांच्या आत करायचा. गाडी पळून गेली, नंबर मिळालाच नाही, तरी एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा. दोन्ही ठिकाणी पहिला कागद लागतो तो पोलिसांचा. म्हणून रस्त्यावर ‘जाऊ दे, दोन हजार घे आणि मिटव’ असं कुणी म्हणालं आणि हाड मोडल्यासारखं वाटत असेल तर मिटवू नका. सोलापुरात असे किती व्यवहार चौकातल्या चहाच्या गाड्यावरच मिटतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आता सायकलीकडे वळू.

तुमच्या जुन्या सायकलीचा आणि धाकट्याच्या सायकलीचा विमा काढायचा नाही. यात विचार करण्यासारखं काही नाही. जुन्या सायकलीची किंमत विमा कंपनी दोन हजारसुद्धा धरणार नाही, त्यातून घसारा, म्हणजे वापरामुळं उतरलेली किंमत, जाणार, त्यातून दाव्यातला तुम्ही सोसायचा वाटा जाणार. वहिनींचं म्हणणं या दोन सायकलींना तंतोतंत लागू आहे.

राहिली मुलीची. कागदाच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षर मी मोठं करून वाचलं. चोरी झाली तर दाव्याचे पहिले १० टक्के तुमचे. सहा महिन्यांनंतर २० टक्के घसारा. दुरुस्तीच्या दाव्यात पहिले १,००० रुपये तुमचे. टायर-ट्यूब वगळलेले. सीट, दिवा, बाटलीचा स्टँड असं सुटं काही गेलं तर पैसे नाहीत, सायकलीबरोबर गेलं तरच. शर्यतीत किंवा भाड्यानं दिलेली असताना काही झालं तर नाही. आणि ‘सायकल न हलणाऱ्या वस्तूला कुलपानं बांधलेली असावी’.

तुम्ही हिशेब लिहिणारे, तर हिशेबच मांडू. समजा दहाव्या महिन्यात सायकल चोरीला गेली. १८,५०० मधून २० टक्के घसारा गेला, राहिले १४,८००. त्यातून १० टक्के तुमचा वाटा, राहिले १३,३२०. सगळं सुरळीत झालं तर हातात येणारी ही रक्कम. तिच्यासाठी वर्षाला १,४५० भरायचे. म्हणजे साधारण नऊ वर्षांत एकदा सायकल चोरीला गेली तर भरलेले पैसे कसेबसे फिटले. आणि पुढच्या वर्षांत घसारा वाढणार, हातात येणारी रक्कम आणखी उतरणार.

दुरुस्तीचं तर विचारूच नका. रिम वाकली, हँडल तिरकं झालं, ब्रेकची केबल तुटली, असली कामं बहुतेक त्या पहिल्या हजारातच बसतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात सायकलीचं काय जातं? ट्यूब. ती वगळलेली आहे. म्हणजे ‘चोरी-अपघात सगळं कव्हर’ यातल्या अपघाताच्या भागाचा तुम्हाला व्यवहारात उपयोग जवळपास नाही. तुम्ही पैसे भरणार ते चोरीसाठीच.

आणि चोरीच्या भागात खरी गोम कुलपाच्या अटीत आहे. मुलीला विचारा, कॉलेजच्या स्टँडवर जमिनीत रोवलेला बार किंवा रॅक आहे का? नुसती पत्र्याची शेड आणि स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलींची रांग असेल तर ही अट ती रोज मोडणार, तिची काही चूक नसताना. क्लासच्या बाहेर, मैत्रिणीच्या घराच्या बोळात, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास, प्रत्येक ठिकाणी तिला खांब शोधावा लागेल. ‘न हलणारी वस्तू’ म्हणजे काय आणि कुलूप लावलं होतं याचा पुरावा काय धरणार, हे दुकानदाराला नव्हे, कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. उत्तर आलंच नाही तर तेही एक उत्तरच.

त्या कागदावर मला आणखी एक गोष्ट सापडली नाही: विमा कंपनीचं नाव. वर नुसतं ‘सायकल सुरक्षा प्लॅन’ असं आहे. खऱ्या विम्याच्या कागदावर कंपनीचं नाव, तिचा नियामकाकडचा नोंदणी क्रमांक आणि त्या योजनेचा ओळख क्रमांक छापलेला असतो. दुकानातून गट विमा मिळत असेल तरी तुमच्या नावाचं प्रमाणपत्र मिळायला हवं. हे नसेल तर तो दुकानाचा किंवा मधल्या एखाद्या कंपनीचा सदस्यत्वाचा करार असू शकतो. तसं असेल तर उद्या वाद झाल्यावर विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल तुम्हाला दारातूनच परत पाठवेल.

मी तुमच्या जागी असते तर हा प्लॅन घेतला नसता. त्यातल्या पैशात आधी एक जाड साखळीचं किंवा यू आकाराचं कुलूप घेतलं असतं. तारेचं, प्लास्टिकचं वेटोळं असलेलं कुलूप साध्या कटरनं तुटतं, ते नको. कुलूप मागचं चाक आणि फ्रेम दोन्हींमधून घालायचं; नुसत्या पुढच्या चाकाला लावलं तर ते चाक तिथंच राहतं आणि बाकीची सायकल जाते. नंतर पोस्टात महिन्याला १०० रुपयांची आवर्ती ठेव उघडली असती. पहिल्याच वर्षी चोरी झाली तर त्या पैशांत नवी सायकल येणार नाही, हे उघड आहे. ती जोखीम तुम्ही अंगावर घेताय. ती अजिबात झेपणार नसेल, सायकल गेली तर मुलीचं कॉलेजला जाणंच अडणार असेल, तर विमा घ्या, पण खऱ्या कंपनीचा, चोरीपुरता, आणि एकाच वर्षाचा. तीन वर्षांचा एकदम घेतला की सवलत देतो म्हणतील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घसारा किती धरणार ते विचारा, मग सवलतीचं आकर्षण राहणार नाही. स्वस्तात पडावं म्हणून सुरुवातीचा तुमचा वाटा वाढवून घ्यायची सोय असेल तर तीही बघा.

आणखी एक वाट आहे, ती दुकानात कुणी सांगत नाही. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांच्या घरगुती विम्यात वर्षानुवर्षं पायडल सायकलीचा एक स्वतंत्र विभाग असतो. सहसा आगीचा विभाग घ्यावाच लागतो, बाकीचे आपल्या गरजेनुसार जोडायचे. सायकलीच्या विभागात आग, चोरी, अपघात आणि बऱ्याचदा तुमच्या सायकलीची धडक बसून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची थोडी भरपाईही येते. एजंट याबद्दल फारसं बोलत नाहीत, कारण त्यात त्यांना सुटतं थोडं. शाखेत जाऊन ‘हाउसहोल्डर पॉलिसीत पेडल सायकल सेक्शन आहे का, आणि त्याचा वेगळा हप्ता किती’ असं नेमकं विचारा. फक्त सायकलीसाठी अख्खी पॉलिसी घेणं महागात पडेल. घराचं सामान तसंही विमित करायचं असेल तरच यात अर्थ आहे.

तुमचं घरकर्ज आहे म्हणजे बँकेनं घराचा विमा बहुतेक काढलेलाच असेल. ती पॉलिसी मागून घ्या. एप्रिल २०२१ नंतरची ‘भारत गृह रक्षा’ असेल तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांचं घरातलं साधं सामान त्यात आपोआप येतं. पण त्यावरून सायकल सुरक्षित आहे असं समजू नका. त्या पॉलिसीत चोरी धरतात ती आग, पूर यांसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेलीच. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि तिथंही शब्द नीट बघा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका पॉलिसीच्या वादात सांगितलं की अटीत बळजबरीनं आत शिरणं लिहिलेलं असेल तर तसं घडलेलं असायला हवं, नुसतं सामान नाहीसं होणं पुरत नाही. चाळीच्या जिन्याखाली उभी केलेली सायकल कुणी उचलून नेली, तर कुठलंच कुलूप तुटलेलं नसतं.

विमा घ्या किंवा नका घेऊ, एक काम याच रविवारी करा. तिन्ही सायकली उलट्या करा. पायडलचा कणा जिथं फ्रेममध्ये बसतो त्याच्या खाली बहुतेक सायकलींवर नंबर ठोकलेला असतो. त्याचा फोटो, पूर्ण सायकलीचा फोटो आणि बिलाचा फोटो एकत्र ठेवा. मुलीच्या सायकलीच्या बिलावर तो नंबर लिहून दुकानाचा शिक्का घ्या. पूर्वी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला असायचा, तो गेल्यापासून ही सायकल आपलीच आहे हे सांगायला त्या नंबराशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

चोरी झालीच तर पोलीस ठाण्यात त्याच दिवशी जा. जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांच्या आतल्या साध्या चोरीला वेगळी वागणूक आहे. तिची नोंद अदखलपात्र म्हणून, म्हणजे एफआयआर न होता, होऊ शकते आणि विमा कंपनी मागते एफआयआर. तुमच्या मुलीची सायकल त्या रकमेच्या वर आहे, पण ते दाखवायला बिल हवं. सोबत बिल नेलं नाही आणि हवालदारानं अंदाजानं ‘जुनी सायकल, चार हजार’ लिहिलं, तर पुढं भांडत बसावं लागेल. पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची नोंद करायची सोय आहे. चोरीसाठी ती वापरू नका. ‘हरवली’ असा कागद घेऊन चोरीचा दावा मिळत नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, सोलापूर त्यांच्याच हद्दीत येतं. वकील लागत नाही, फी लागत नाही.

शेवटी तुमच्या बॅटरीच्या किटबद्दल. मोटार २५० वॅटच्या आतली असेल आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत करून बंद होत असेल, तर सायकल ही सायकलच राहते, ना नोंदणी ना विमा. त्याच्यापुढं गेलात की कायद्याच्या नजरेत ते मोटार वाहन झालं. मग नोंदणी, लायसन्स, तृतीय पक्ष विमा सगळं आलं, आणि विम्याशिवाय पकडलं तर पहिल्या वेळेला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. बाजारात ३५० वॅटचे किट राजरोस मिळतात, ‘काही होत नाही हो’ असं म्हणूनच विकले जातात. किट घ्याल तेव्हा वॅट आणि कमाल वेग दोन्ही बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल तर तिथून घेऊ नका.